समुद्राकडची वहिवाट

कोकणच्या समुद्राला भेटावयास जाणारा प्रवासी आजकाल त्याच्यापाशी इतक्या त्वरेने आणि इतक्या आयत्या रीतीने नेऊन सोडला जातो की, गाडीचे दार उघडून त्याने पाऊल खाली ठेवावे ते थेट पुळणीवरच. आणि ज्या दर्शनासाठी घाट उतरून त्याने दिवसभराचा प्रवास केला, त्या दर्शनापूर्वी त्याच्या वाट्याला येते ती वाहनतळावरची धूळ, टपऱ्यांची रांग आणि मागे-पुढे होणाऱ्या मोटारींचा गलबला. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे मुळीच नाही. प्रवाशाची सोय व्हावी, गावाच्या हाती चार पैसे यावेत, याच सदिच्छेने ठिकठिकाणच्या ग्रामपंचायतींनी रस्ते भरतीच्या रेषेपर्यंत ओढीत नेले. तथापि या सोयीपायी आपण एक मोलाची वस्तू गमावीत आहो आणि येत्या काही वर्षांत ती कायमची गमावून बसू, असे मला तीव्रतेने वाटते. समुद्रतीरी पोहोचण्याचा अखेरचा पाव कोस पायी चालण्याचा असावा. आबालवृद्धांना चालता येईल अशी सोपी व निर्धोक वाट प्रत्येक किनारी गावात असावी. आणि ती वाट सरकारी दफ्तरात सार्वजनिक म्हणून नोंदलेली असावी, एवढी एकच मागणी मला या लेखात मांडावयाची आहे.

ही मागणी कोणत्याही अर्थाने नवी नाही. किनाऱ्याने चालण्याचा परिपाठ आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच घालून दिला होता आणि त्याला धर्माचे अधिष्ठानही दिले होते. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीच्या रूपाने समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तरेस, हरिहरेश्वर हे क्षेत्र आहे. ज्या भट घराण्याने मराठी राज्याला पेशवे दिले ते घराणे श्रीवर्धनचे, आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आटोपला की यात्रेकरू प्रदक्षिणेसाठी टेकडीच्या पायऱ्या चढू लागतो. चढ लहानसाच आहे. माथ्यावर येताच झाडीचा पडदा बाजूला सरतो आणि क्षितिजापर्यंतचा समुद्र एकदम दृष्टीस पडतो. तेथून दोन उभ्या कड्यांमधील फटीतून अरुंद पायऱ्या खाली उतरतात. दोन्ही खांद्यांना दगडाचा गारवा जाणवतो, समोर आकाश आणि पाणी यांची मिळून एक चिंचोळी उभी पट्टी तेवढी दिसते, आणि माथ्यावर जो लाटांचा नाद दूरचा व पसरट वाटत होता तो त्या फटीत कोंडल्यामुळे थेट छातीवर येऊन आदळतो.

खाली उतरल्यावर, लाटांनी शतकानुशतके तासून सपाट केलेला कातळाचा एक विस्तीर्ण ओटा लागतो, आणि उजव्या हाताला डोंगर व डाव्या हाताला समुद्र ठेवून यात्रेकरू त्यावरून चालू लागतो. कड्याच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी असंख्य भोके पडलेली दिसतात. तुषारांबरोबर आलेले मीठ खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, पाणी सुकले की त्याचे स्फटिक बनतात, आणि ते स्फटिक वाढता वाढता खडकाचा एक एक कण सुटा करीत जातात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हारस थिजून हा मुलूख घडला, त्यावर मिठासारखी क्षुद्र वस्तू केवळ चिकाटीच्या बळावर अशी नक्षी कोरते, हे तेथे हाताने चाचपून पाहता येते. कोठे कातळाच्या खळग्यात राहिलेल्या पाण्यात इवलेसे मासे अडकलेले असतात, कोठे कालवांचे धारदार थर असतात. अखेर कडा मागे हटतो आणि देवळाशेजारच्या वाळूच्या किनाऱ्यावर वाट आपल्याला आणून सोडते. सारी प्रदक्षिणा तासाभरात सहज पुरी होते. परंतु त्या तासाभरानंतर पायाखाली येणारी वाळू आणि गाडीतून उतरताच पायाखाली येणारी वाळू यांत जे अंतर आहे, ते ज्याने दोन्ही अनुभव घेतले त्यालाच कळेल.

या वाटेला एक अट आहे, आणि ती समुद्राने घातलेली आहे. भरतीच्या वेळी हा ओटा पाण्याखाली जातो. पावसाळ्यात तर तेथे पाऊलही टाकू नये. वेळेचा विचार न करता कातळावर उभे राहिलेले लोक लाटेने ओढून नेल्याचे दुःखद प्रसंग येथे घडले आहेत. पण कोकणच्या माणसाजवळ समुद्राची वेळ ओळखण्याचे साधन पिढ्यान्‌पिढ्या होते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते; ज्या पिढीने शाळेत पाऊणकी पाठ केली तिला हा हिशेब चालता चालता करता येई. पंचमीला पावणेचारला भरती, तर तिच्या सहा तास अलीकडे, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी मध्यान्ही. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या नंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर मागे जाते, आणि ती ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमारास येते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेला, किंवा अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्यात चालत जाण्याला, याहून सोयीची वेळ नाही. स्थलपरत्वे घटका-दोन घटकांचा फरक पडतो, म्हणून स्थानिक कोळ्याला विचारून घेणे हेच उत्तम. गाडीने जाणाऱ्याला या तिथीचे, चंद्राचे किंवा कोळ्याचे काहीच देणेघेणे उरत नाही. पायी जाणाऱ्याला मात्र ते ठेवावेच लागते, आणि त्या निमित्ताने समुद्राशी त्याचा खरा परिचय होऊ लागतो.

दुसरे उदाहरण गणपतीपुळ्याचे. तेथे संपूर्ण टेकडीच गणेशस्वरूप मानली असल्यामुळे प्रदक्षिणा घालावयाची ती टेकडीला, आणि सुमारे एक किलोमीटरचा तो फरसबंद मार्ग काही अंतर समुद्राच्या सान्निध्याने जातो. लहान मुलाचा हात धरून, वृद्ध माता-पित्यांना सांभाळून, मध्येच बसत-उठत ही वाट चालता येते. तेथील समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे आणि त्याने अनेकांचे बळी घेतले आहेत. पण त्याच्या कडेने चालण्यात असा कोणताच धोका नाही, आणि बहुतेक प्रवाशांच्या मनातील समुद्राची ओढ या चालण्यानेही तृप्त होऊ शकते, याकडे आपले लक्ष जात नाही. तेथून कोसभराच्या आतच मालगुंड आहे. १८६६ साली केशवसुत ज्या गावी जन्मले, ते त्यांच्या स्मारकासह गणपतीपुळ्याहून पायी जाण्याजोग्या अंतरावर असताना देवदर्शन आटोपून परस्पर परत फिरणाऱ्या प्रवाशांची संख्या किती मोठी आहे! वाट चालणाऱ्याला शेजारचे गाव आपोआप लागते. गाडीत बसणाऱ्याला ते ठरवून गाठावे लागते, आणि सहसा ते ठरत नाही.

पायी जाण्याचा हा महिमा केवळ व्यायामाचा नव्हे. कोकणातील किनारी गावांची रचनाच अशी आहे की, समुद्र क्रमाक्रमाने उलगडत जावा. गुहागरचे उदाहरण घ्या. गावाचा मुख्य रस्ता समुद्राला समांतर जातो, त्याच्या दोहों बाजूंस घरे आहेत, आणि समुद्राकडच्या घरांच्या परसदारी नारळी-पोफळीच्या वाड्या पुळणीपर्यंत पोहोचल्या आहेत. दोन वाड्यांच्या गडग्यांमधील बोळातून चालू लागले की प्रथम लागते ती दाट, ओलसर सावली. शिंपण्याच्या पाण्याचा, सुकत घातलेल्या सुपारीचा, कुजणाऱ्या झावळ्यांचा मिश्र वास येतो. वारा अजून नसतो, पण माडांचे शेंडे हलताना दिसतात. पुढे माती पांढुरकी व भुसभुशीत होते, सुरूची झाडे लागतात, त्यांच्या सुयांसारख्या पानांतून वाऱ्याचा आवाज येतो आणि हा वारा की समुद्र याचा काही क्षण उलगडा होत नाही. मग मर्यादावेलीची जांभळी फुले, आणि मग सारा किनारा. या दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांपूर्वी नाकाला, कानाला आणि तळपायांना समुद्र कळलेला असतो. शीतनियंत्रित गाडीतून तेथवर येणाऱ्याला यांतील एकही पायरी लाभत नाही. तो एका चौकटीतून निघतो आणि दुसऱ्या चौकटीसमोर उभा राहतो, आणि म्हणूनच अर्ध्या तासात त्याला तेथे करण्यासारखे काही उरत नाही. मग कोणी वाळूत गाडी पळविण्याची हौस भागवितो, कोणी मोठ्याने गाणी लावतो.

वाळूवर गाडी घालणे हा तर सरळ अपराध मानला पाहिजे. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे बारीक बारीक गोळ्यांची जी रांगोळी घालतात, ती त्यांच्या भोजनाची खूण असते. वाळूच्या कणांवरील सूक्ष्म अन्न वेचून घेऊन उरलेली वाळू ते गोळी करून टाकून देतात. पुळणीच्या माथ्यावरील मर्यादावेल आपल्या लांबच लांब धावत्या खोडांनी वाळू बांधून ठेवते आणि त्यामुळे मागच्या वाड्यांचे रक्षण होते. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या व वनखात्याच्या साहाय्याने या घरट्यांचे रक्षण आरंभिले, आणि आज पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक वेळासला येऊन ग्रामस्थांच्या घरी उतरतात व पहाटे चालत किनाऱ्यावर जातात. मोटारीचे एक चाक हे सर्व काही क्षणात चिरडू शकते. चालणाऱ्याच्या पावलाने, तो थोडे भान ठेवील तर, यांतील काहीही नष्ट होत नाही.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण असे की, कोकणच्या किनाऱ्याचे रूप पालटविणारा एक मोठा प्रकल्प आकार घेत आहे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग ही बॅरिस्टर अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासूनची कल्पना आता मोठमोठ्या खाडीपुलांच्या रूपाने साकार होऊ लागली आहे. त्या रस्त्याला माझा विरोध नाही. पलीकडचे गाव समोर दिसत असता तरीची वाट पाहात ताटकळणे किंवा सबंध खाडीला वळसा घालून जाणे, हे आजारी माणसाच्या, विद्यार्थ्याच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या नशिबी किती काळ असावे? परंतु रस्ता आला की जमिनीची किंमत चढते. किंमत चढली की जमिनीचे हस्तांतर होते. आणि नवा मालक प्रथम जे काम करतो ते कुंपण घालण्याचे. जुन्या मालकाच्या वाडीतून शेजाऱ्यापाजाऱ्यांची, कोळ्यांची, गुराख्यांची जी वाट पिढ्यान्‌पिढ्या चालू होती ती कोणत्याही कागदावर नसते. ती केवळ परस्परांच्या भिडेवर चालत आलेली असते, आणि भीड काही खरेदीखताबरोबर हस्तांतरित होत नाही.

कायद्याची स्थिती येथे मोठी विचित्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये भरतीच्या रेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ ही शासनाची मालमत्ता होय. अर्थात ओहोटीने उघडी पडणारी पुळण सर्व जनतेची आहे. समुद्रकिनारे बांधकामांपासून मुक्त राहावेत असे पत्र श्रीमती इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, आणि पुढे १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आले, जे पुढे अनेकवार बदलले व शिथिलही झाले. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु ज्याचे समुद्राकाठी शेत नाही, ज्याला केवळ समुद्राकडे जावयाचे आहे, त्याच्या वाटेचा कैवार घेणारी अशी सुटसुटीत तरतूद नाही. म्हणजे दिवाणखाना सर्वांचा, पण त्याचे दार मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर, अशी ही व्यवस्था आहे.

दार बंद झाल्यावर काय होते याचा दाखला गोव्याने दिला आहे. दोना पावलानजीकच्या वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका आलिशान हॉटेलच्या विस्तारामुळे अडली. नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली. आणि २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरीत, अशी नैसर्गिक संपत्ती शासन जनतेचा विश्वस्त म्हणूनच धारण करते आणि समुद्राकडे जाण्याचा जनतेचा हक्क कोणाच्या व्यापारी लाभासाठी बळी देता येणार नाही, असे तत्त्व स्पष्टपणे मांडले. पुढे राज्य शासनाने भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचविले. तत्त्व जिंकले आणि भिंत उभी राहिली, यावरून घ्यावयाचा बोध असा की, वाटेची नोंद भिंत उभी राहण्यापूर्वीच झाली पाहिजे. नंतरची लढाई वर्षानुवर्षे चालते आणि जिंकूनही पदरी पुरेसे पडत नाही.

जेथे हे काम वेळीच झाले तेथील चित्रही पाहण्यासारखे आहे. वेल्स या लहानशा देशाने आपल्या संपूर्ण किनाऱ्याच्या कडेने चालण्याची सलग पायवाट सिद्ध करून ५ मे २०१२ रोजी ती खुली केली. तिची लांबी ८७० मैल, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर आहे. इंग्लंडमध्ये २००९ साली संसदेने याच कामासाठी कायदा केला, आणि त्यात अशी दूरदृष्टीची सोय ठेवली की, समुद्राने किनारा खाऊन टाकला तर पायवाटेची रेषाही त्याबरोबर मागे सरकविता यावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी आपण परंपरेने ७२० किलोमीटर मानीत आलो. तो सबंध किनारा एका वाटेने जोडावा असे मी सुचवीत नाही. गावागणिक एक सोपी, अर्ध्या-पाऊण तासाची वाट नोंदली गेली तरी आरंभ चांगला होईल.

या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. वृद्धांनी आणि अपंगांनी काय करावे, हा पहिला. त्यांच्यासाठी परवान्याने वाहन पुढे जाऊ द्यावे, आणि वाट अशी समतल बांधावी की चाकाची खुर्चीही तिच्यावरून जाईल. आजच्या वाळूने भरलेल्या वाहनतळावर तर तीही सोय नाही. दुसरा आक्षेप गावाच्या उत्पन्नाचा. चालणारा मनुष्य सावकाश जातो, त्याला तहान लागते, तो कोकमाचे सरबत घेतो, घराच्या ओटीवर मांडलेले आंबोशीचे आणि फणसपोळीचे पुडे पाहून थांबतो, आणि भूक लागली म्हणून खाणावळीची चौकशी करतो. गावाच्या मध्यातून वेगाने जाणाऱ्या गाडीने यांपैकी कोणाचे भले होत नाही. तिसरा आक्षेप वाडीच्या मालकाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. परक्या माणसांनी आपल्या आगरातून का जावे, कचरा का टाकावा, शहाळी का उतरवावी? त्याचे म्हणणे रास्त आहे. यास्तव वाट त्याच्या संमतीने, गडग्याच्या बाहेरून, निश्चित रुंदीची असावी. जागा घेतली तर तिचा योग्य मोबदला द्यावा. आणि वाटेच्या स्वच्छतेचा खर्च वाहनतळाच्या वसुलीतून व्हावा. चालणाऱ्यांनीही आपली जबाबदारी ओळखली पाहिजे, कारण ज्या गावात आपण जातो ते कोणाचे तरी घर आहे.

तेव्हा माझी तजवीज साधी आहे. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने ग्रामसभा बोलावून समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदी, पाखाड्या आणि बोळ यांची यादी करावी; गावातील वडीलधाऱ्यांच्या आणि कोळीवाड्याच्या साक्षी घ्याव्यात; त्या वाटा गावनकाशावर आणि तलाठ्याच्या दफ्तरात दाखल करण्यासाठी तहसीलदाराकडे रीतसर अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्यांनी मुदत ठरवून अशा अर्जांचा निकाल लावावा. वाहनतळ भरतीरेषेपासून पाव कोस अलीकडे असावा. वाटेला डांबर नको. त्याच मुलखातला जांभा पुरे, कारण तो पाणी मुरू देतो आणि अनवाणी पायाला सोसतो. वाटेच्या तोंडाशी त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक असावा, आणि हरिहरेश्वरासारख्या ठिकाणी भरतीच्या वेळी वाट बंद ठेवणारा माणूस नेमावा. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. महामार्गाच्या एका पुलावर जो खर्च होतो त्याच्या अल्पांशात सबंध किनाऱ्याच्या वाटा बांधून होतील.

महामार्गाची मोजणी, भूसंपादन आणि त्यामागोमाग येणारे जमिनीचे व्यवहार हे कोणासाठी थांबणार नाहीत. ज्या गावाने त्याआधी आपल्या वाटा लिहून ठेवल्या त्या गावाच्या मुलांना समुद्र आपला राहील, आणि ज्याने ठेवल्या नाहीत त्याच्या मुलांना आपल्याच समुद्राकडे जाण्यासाठी पहारेकऱ्याची परवानगी मागावी लागेल. पावसाळा सरून चालण्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा कोकणात जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने गाडी गावातच ठेवून ही वाट विचारावी आणि तिच्यावरून चालावे. कारण वहिवाट टिकते ती चालण्याने, आणि ग्रामसभेपुढे ठेवावयाचा तिचा सर्वांत भक्कम पुरावाही तोच आहे.